तरफदार

पहिला मार चाँदपाशाला बसला, आणि तोही भर दुपारी, पंपहाऊसच्या दारात.

चाँदपाशा शेलथडीच्या पाणी सोसायटीचा पंपचालक. गोदावरीच्या बंधाऱ्यातून पाणी उचलायचं आणि गावाच्या चारी अंगांच्या शिवारात सोडायचं, हे काम तो एकवीस वर्षं करत होता. पाळ्या ठरलेल्या होत्या. दोन दिवस गावठाणातल्या मराठ्यांच्या रानाला, दोन दिवस भीमनगरला, दोन दिवस मोहल्ल्याला, दोन दिवस तांड्याला. आठ दिवसांचा हा फेरा दुष्काळातसुद्धा मोडला नव्हता. त्या दिवशी तांड्याची पाळी होती. तांड्यातली धडधाकट माणसं दिवाळी होताच ऊसतोडीला निघून गेली होती. मागे म्हातारी माणसं उरली होती आणि त्यांनी पेरलेली ज्वारी. गावठाणातला वैजीनाथ सहा-सात जण घेऊन आला आणि म्हणाला, तांड्याचा वॉल बंद कर, पाणी आमच्या उसाला सोड.

चाँदपाशा म्हणाला, "नानानं सांगितलं तर सोडतो."

नानांना बोलता येत नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वैजीनाथनं वॉल फिरवायचा लोखंडी पाना चाँदपाशाच्याच हातातून हिसकला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांपर्यंत गेला. चाँदपाशा खाली बसला तेव्हा बाकीच्यांनी त्याला लाथांनी तुडवला. पप्पू नावाचा वैजीनाथचा एक माणूस हे सगळं मोबाइलवर घेत होता. मग वॉल फिरला आणि तांड्याचं पाणी उसात शिरलं.

नाना म्हणजे दिनकरराव. वैजीनाथचे वडील, वय अठ्ठ्याहत्तर. पस्तीस वर्षं शेलथडीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हललं नव्हतं. आधी सरपंच, मग जिल्हा परिषदेचे सदस्य, मग सोसायटीचे सर्वेसर्वा. ते काही साधुसंत नव्हते. तरुणपणी त्यांनीही माणसं झोडपली होती आणि झोडपलेल्या माणसाला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेलं होतं. पण एक गोष्ट ते कधी विसरले नाहीत. कुणाला सगळं द्यायचं नाही आणि कुणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. सरपंचकी गावठाणात ठेवली तर उपसरपंच मोहल्ल्याचा. सोसायटीचा सचिव भीमनगरचा. बाजाराच्या जागांचा ठेका तांड्याला. पाण्याच्या पाळ्या तर त्यांनी स्वतः चिठ्ठ्या टाकून ठरवल्या होत्या. लोकांचं त्यांच्यावर प्रेम होतं असं नाही, पण ते गेले तर आपला वाटा जाईल ही भीती चारी वस्त्यांत सारखी होती, आणि त्या भीतीवर गाव उभं होतं.

श्रावणात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ओसरीवरच्या पलंगावर पडून ते नुसतं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत.

आपल्यामागं कोण, हे त्यांनी कधीच सांगून ठेवलं नव्हतं. मुलगा वैजीनाथ होता, आणि मेलेल्या भावाचा मुलगा गोपीचंद होता. नाना एका वर्षी मुलाच्या हातात गाडीची चावी देत, दुसऱ्या वर्षी पुतण्याला सोसायटीचा चेअरमन करत. दोघंही दारात ताटकळत उभे राहिले की नानांना बरं वाटे. वैजीनाथची बायको राजेश्री हे पंधरा वर्षं बघत आली होती. महिलेसाठी जागा सुटली तेव्हा नानांनी तिलाच सरपंच केलं, कारण ती सून होती आणि तिला स्वतःचा असा गट नव्हता.

राजेश्री मानवतची. तिच्या वडिलांचा तिथे कापसाचा व्यापार. बारावीनंतर लग्न झालं, पण शिकायची हौस राहिली होती. नानांनी परवानगी दिली आणि तिनं मुक्त विद्यापीठातून इतिहासात बी.ए. केलं. नोट्स सिद्धोधन सरांच्या, सुट्टीतले तासही त्यांचेच. सिद्धोधन भीमनगरचा, सोनपेठच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा आणि नानांच्या सोसायटीचा सचिव होता. त्याच्या शिक्षणाचा खर्च नानांनीच केला होता, आणि त्यानं तो उपकार वीस वर्षं फेडला होता. कुठल्याही दोन वस्त्यांत वाजलं की सिद्धोधन मधे बसायचा. त्याचा आवाज कधी चढत नसे. नानांच्या अंगात राग असायचा आणि सिद्धोधनच्या अंगात धीर, असं लोक म्हणत.

चाँदपाशाला मारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धोधन वाड्यावर आला. नानांच्या उशाशी बसून त्यानं काय झालं ते सगळं सांगितलं, जणू नाना अजून निकाल देणार होते. नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग सिद्धोधन स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सरपंच तुमी हात," तो राजेश्रीला म्हणाला. "ग्रामसभा बोलवा. नोटीस मी लिहून आणलीय. पाळीचं काय करायचं ते सगळ्या गावासमोर ठरू द्या. आज तांड्याची पाळी गेली, उद्या मोहल्ल्याची जाईल. एकदा वाटा गेला की कुणी कुणाचं राहत न्हाई."

राजेश्रीनं कागद वाचला आणि सही केली. चार वर्षांत स्वतःच्या मनानं केलेली ती तिची पहिली सही. मग शिक्का मारला. सोमवारी सकाळी दहाला सभा ठरली.

दुपारी वैजीनाथला कळलं. चूल विझवायला आणलेला पाण्याचा तांब्या त्यानं उचलला आणि तिच्या गालावर मारला. ती भिंतीवर आपटली. मग त्यानं तिचे केस धरून तिला ओसरीपर्यंत ओढत नेलं आणि बापाच्या पलंगासमोर उभं केलं. सासूबाई सारजाबाई तिथेच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "बास कर, दात पडतील तिचे." एवढंच. वैजीनाथ थांबला. त्यानं विचारलं, नोटीस कुठे हाय? नोटीस तोवर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती आणि खाली भीमनगरच्या चार जणांना पहाऱ्याला बसवून सिद्धोधन सोनपेठला तास घ्यायला गेला होता.

जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती. वैजीनाथला तिकीट पाहिजे होतं, गोपीचंदलाही. वैजीनाथचा हिशोब सरळ होता. गावठाणाची मतं सगळ्यात जास्त, गावठाण एकगठ्ठा केलं की बाकी कुणाची गरज नाही. चारी वस्त्या सांभाळण्यात बापाचं आयुष्य गेलं, आपल्याला तो त्रास कशाला? गोपीचंदनं उलटं गणित मांडलं होतं. तो रोज संध्याकाळी मोहल्ल्यात आणि भीमनगरात चहा पीत होता आणि म्हणत होता की वैजीनाथ तुम्हाला पाण्याला महाग करणार. दोघांनाही ग्रामसभा नको होती. सभा झाली असती, पाळ्या पुन्हा बसल्या असत्या, तर त्याचं श्रेय सिद्धोधनला गेलं असतं, आणि मग वैजीनाथ आणि गोपीचंद दोघांचीही गावाला गरज उरली नसती.

रविवारी दुपारी गावातल्या प्रत्येक मोबाइलवर एक क्लिप आली. आवाज सिद्धोधनचा होता, यात शंका घ्यायला जागा नव्हती.

ओसरीवर तीस-चाळीस माणसं जमली. वैजीनाथनं मोबाइल मोठ्या स्पीकरला जोडला, नानांच्या पलंगाजवळ ठेवला आणि क्लिप लावली.

"तो आता नावालाच उरलाय," सिद्धोधनचा आवाज म्हणत होता. "तोंडातून शब्द फुटत नाही. शिक्का दुसऱ्याच्या हातात. घरातच दोन तट. मग तरफदारांनी वाट कुणाची बघायची? ज्यानं त्यानं आपला तुकडा तोडायचा आणि मोकळं व्हायचं."

वैजीनाथनं क्लिप पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.

"ज्याच्या अन्नावर वाढला त्याच्याबद्दल बोलायलाय," तो म्हणाला. "आपल्या तरफदारांना सांगायलाय, तुकडे तोडा. उद्याची सभा त्याच्याचसाठी हाय."

राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गाल अजून सुजलेला होता, डावा डोळा अर्धा मिटलेला. पहिल्याच वाक्याला तिनं ते ओळखलं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बहामनी राज्याचा शेवट होता. सुलतान नावापुरता, कारभार वजिराच्या हातात, दख्खनी आणि परदेशी सरदार एकमेकांच्या जिवावर उठलेले. बहामनी राज्यात प्रांताच्या सुभेदाराला तरफदार म्हणत. सिद्धोधन सर हा भाग शिकवताना नाटकातल्यासारखे बोलत, जणू ते स्वतःच दौलताबादचे किंवा बिदरचे सरदार आहेत. तिच्या नोट्समध्ये हेच शब्द होते. पुढे असंही होतं की या सगळ्याच्या आधी एक शहाणा वजीर होता, महमूद गावान, आणि त्याच्या नावानं खोटं पत्र लिहून दरबारातल्या लोकांनी त्याला मारवलं. त्या कटातला मोठा सरदार आपल्या पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला होता असं सांगतात, हे सर नेहमी हसत सांगायचे. वर्गातल्या कुणीतरी तास रेकॉर्ड केला होता आणि पुढे त्यातून सुलतान, बहामनी, बिदर हे शब्द कापले गेले होते.

तिला एवढंच म्हणायचं होतं की हा तास आहे, हे पुस्तकातलं आहे, तरफदार म्हणजे सुभेदार, कुणाच्या बाजूची माणसं नव्हेत. तिचं तोंड उघडलं. वैजीनाथनं तिच्याकडे बघितलं. ओसरीवरच्या पुरुषांनी बघितलं. सारजाबाईंनी तिचा पदर मागून धरला. तिनं मनाशी ठरवलं, उद्या सभेत सांगू. सगळ्यांसमोर सांगू, नोट्सची वही घेऊन. उद्या दहा वाजता.

वैजीनाथ वडिलांच्या कानाशी वाकला. "नाना, काय करायचं ह्याचं?"

नानांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि पुन्हा खाली पडला.

"झटकून टाका म्हणले," वैजीनाथ म्हणाला. "बघितलं का समद्यांनी?"

सगळ्यांनी मान डोलावली. ज्यांनी बघितलं नव्हतं त्यांनीही.

सिद्धोधनला क्लिप कळली तेव्हा तो भीमनगरात घरी होता. बायको बबितानं त्याला जाऊ नको म्हणून सांगितलं. त्याचं म्हणणं होतं की नानांना गैरसमजात ठेवणं बरं नाही. म्हाताऱ्याला बोलता येत नाही, पण ऐकू येतं. त्यानं इतिहासाचं पुस्तक पिशवीत घातलं आणि स्कूटर काढली. चार वाजले होते. ऊन अजून तापलेलं होतं.

राजेश्री वाळवण काढायला गच्चीवर गेली होती. तिथून तिला वेशीपासून वाड्यापर्यंतचा सगळा रस्ता दिसत होता. तिला सिद्धोधनची स्कूटर दिसली, आणि त्याच वेळी किराणा दुकानाच्या बोळातून बाहेर पडणारी माणसंही. पप्पू सगळ्यात पुढे होता. तिनं हाक मारली, पण गच्ची लांब होती. स्कूटर आडवी झाली. सिद्धोधन उठला, त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं आणि ते उघडून त्यांना दाखवू लागला. एकानं पुस्तकावर काठी मारली. दुसरी काठी त्याच्या कानाच्या वर बसली. तो गुडघ्यावर आला तरी पुस्तक धरलेला हात वर होता. मग त्या हातावर कोयता आला.

ती जिना उतरली, अनवाणी, आणि धावली. ती पोचेपर्यंत चार-पाच मिनिटं गेली असतील. तेवढ्यात काठ्या, पाईप आणि कोयत्यांनी जे करायचं ते करून माणसं पांगली होती. दुकानांची शटरं खाली ओढलेली होती. आतून माणसं बघत होती, बाहेर कुणी आलं नव्हतं. सिद्धोधन नालीच्या कडेला पडला होता. उजवा पंजा मनगटापासून लोंबत होता. डोक्याची एक बाजू आत गेली होती. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तिचं लुगडं पोटापर्यंत भिजलं.

"चष्मा," तो म्हणाला. "चष्मा बगा बरं कुटं पडला."

तिनं इकडेतिकडे बघितलं. चष्मा दिसला नाही. ती त्याला म्हणाली, सापडला सर, माझ्याजवळ आहे.

गळ्यात प्लास्टरचा हात अडकवलेला चाँदपाशा मोहल्ल्यातून पळत आला. त्याच्या पुतण्याच्या टेम्पोत त्यांनी सिद्धोधनला घातलं. बबिता वेशीत येऊन टेम्पोत चढली. परभणीला न्यायचं होतं. पाथरीच्या अलीकडेच सिद्धोधन गेला. बबितानं टेम्पो थांबवू दिला नाही, जाऊ द्या म्हणाली, डॉक्टरला बघू द्या.

सोमवारी दहाला ग्रामसभेची वेळ होती. दहा वाजता भीमनगरच्या लोकांनी सोनपेठचा रस्ता टायर पेटवून अडवला होता. मृतदेह यायचा होता. ताडकळसपासून पाहुणे आले होते, सगळ्या जिल्ह्यातून माणसं यायला लागली होती. मोहल्ला त्यांच्याबरोबर उभा राहिला. तांड्यातल्या म्हाताऱ्यासुद्धा आल्या. त्यांच्यापैकी नर्मदाबाईनं रस्त्यात बसकण मारली आणि पोलीस तिला उचलायला आले तेव्हा एकाच्या हाताला चावली. लाठीमार झाला. दगड आले. एका हवालदाराचा डोळा गेला. बाजारातली मोहल्ल्याची तीन दुकानं वैजीनाथच्या माणसांनी पेटवली, त्यातलं एक सायकलचं होतं, त्यातल्या ट्यूबा जळण्याचा वास दोन दिवस गावात होता. उलट्या बाजूनं गावठाणातल्या दोन गंजी पेटल्या आणि बांधलेला एक बैल जागेवर भाजून मेला.

गोपीचंद या सगळ्यात भीमनगरच्या बाजूनं पुढे आला. पांढरा शर्ट, कपाळाला काळी फीत. मी तुमचा भाऊ, वैजीनाथला मी जेलात घालतो, असं तो स्टूलवर चढून सांगत होता. चाँदपाशा त्याला म्हणाला, "क्लिप आली तवा तुमी कुठं व्हते, चेअरमनसाब?" गोपीचंद स्टूलवरून उतरला. क्लिप कापायला पप्पूला सोनपेठच्या ज्या स्टुडिओत नेलं होतं, तिथवर गोपीचंदच्याच गाडीनं नेलं होतं, हे पुढे पोलिसांना कळलं. दोघा भावांनी त्या एका कामापुरतं एकमेकांना धरलं होतं.

दुपारी गोपीचंद आपली माणसं घेऊन पंपहाऊसकडे गेला. पंप ज्याच्या हातात तो गावाचा मालक, हे त्याला नानांनीच शिकवलं होतं. वैजीनाथ आधीच तिथे होता. दोघंही एकाच अंगणात वाढलेले, एकाच ताटात जेवलेले. काय बोलणं झालं ते नंतर कुणी सांगितलं नाही. पाटाच्या भिंतीवर दोन्हीकडची माणसं भिडली. वैजीनाथनं पहिल्यांदा पाईपनं गोपीचंदचा जबडा तोडला. गोपीचंद खाली पडला, उठला, आणि त्यानं वैजीनाथच्या मांडीत कोयता घातला. मग पप्पूनं मागून गोपीचंदच्या डोक्यात दगड घातला, आणि तो पाटात पडल्यावर वैजीनाथनं त्याचं तोंड पाण्यात दाबून धरलं. पाटात गुडघाभरच पाणी होतं. नंतर कुणीतरी डिझेल ओतलं. पंपहाऊस, दोन मोटारी, स्टार्टर, वॉलची खोली, सगळं संध्याकाळपर्यंत जळत होतं.

वैजीनाथ पळाला. मांडीला धोतराची पट्टी बांधून तो मोटारसायकलवर बसून निघून गेला, एवढंच लोकांनी बघितलं.

राजेश्री त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी नानांजवळ बसून होती. गावात जमावबंदी होती, रस्त्यावर फक्त पोलिसांच्या गाड्या. सारजाबाई दोन घरांच्या मधल्या भिंतीवर डोकं आपटत होत्या. पलीकडे गोपीचंदची बायको ओरडत होती. तिसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एका मुलीनं राजेश्रीच्या मोबाइलवर सिद्धोधनचा तास पूर्ण पाठवला. त्रेपन्न मिनिटांचा. राजेश्रीनं तो नानांच्या उशाशी लावला आणि शेवटपर्यंत ऐकू दिला. तासाच्या सुरुवातीला मुलं हसत होती. सिद्धोधन म्हणत होता, घाई करू नका, आधी गावानबद्दल सांगतो.

"मामा," तास संपल्यावर ती म्हणाली. "तुमी हात वर केला तो कशासाठी? मारा म्हणून, का थांबा म्हणून?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या घशातून एक आवाज आला, पण त्याचा अर्थ लागण्यासारखा नव्हता. तिनं पुन्हा विचारलं नाही. अर्थ लावणारे खूप झाले होते.

त्याच दुपारी तिच्या वडिलांचा मानवतहून फोन आला. ते इकडचं-तिकडचं बोलले. मग म्हणाले की जावईबापू कापसाच्या गोडाऊनमध्ये आहेत, पायाला टाके घातलेत, चार दिवसांत त्यांना हैदराबादेकडे लावून देतो, तू फक्त गप्प बस. पोरीचा विचार कर, असंही म्हणाले. राजेश्रीला नऊ वर्षांची मुलगी होती, पिंकी. राजेश्रीनं वडिलांना विचारलं की गोडाऊन कोणतं, स्टेशनकडचं का बाजारातलं? स्टेशनकडचं, वडील म्हणाले.

तिनं पिंकीला कपडे घालायला सांगितले. नोट्सची वही घेतली. सारजाबाई दारात आडव्या झाल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी ओळखलं.

"एक लेक पाण्यात बुडून मेला," त्या म्हणाल्या. "दुसरा तू फासावर देती का?"

"आत्याबाई, तुमी माझा पदर धरला नसता तर..." एवढं बोलून राजेश्री थांबली. ते खरं नव्हतं. पदर झटकून पुढे जाता आलं असतं. "न्हाई. ती माझी चूक हाय. सरका."

सारजाबाईंनी तिला नखांनी ओरबाडलं. मानेवर चार रेघा उठल्या. गल्लीत उभ्या पोलिसाच्या गाडीत ती पोरीसकट बसली आणि सोनपेठला जाऊन तिनं गोडाऊनचा पत्ता दिला. मग मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दिला. वही आणि त्रेपन्न मिनिटांचा तास जमा केला. वैजीनाथला पहाटे धरलं तेव्हा त्यानं पहिलं विचारलं म्हणे, कुणी सांगितलं? तिच्या वडिलांनी त्यानंतर तिला घरात घेतलं नाही.

नाना पुढच्या महिन्यात गेले. चितेला अग्नी द्यायला वैजीनाथला दोन तासांसाठी बेड्यांत आणलं होतं. भीमनगरातून कुणी आलं नाही, मोहल्ल्यातून चाँदपाशा एकटा आला, लांब उभा राहिला आणि लवकर गेला. तांड्यातली तरणी माणसं कारखान्यावर होती, म्हातारीही आली नाहीत. पस्तीस वर्षं ज्यांच्या दारात जत्रा भरायची, त्यांच्या अंत्ययात्रेला साठ माणसं होती आणि वीस पोलीस.

सरकारनं नव्या मोटारीसाठी मंजुरी दिली. सरपंच म्हणून राजेश्रीनं सोसायटीची सभा बोलावली, कारण चारी वस्त्यांचे सभासद सह्या करतील तरच मोटार मिळणार होती. पहिल्या सभेला भीमनगरची माणसं आली नाहीत. दुसऱ्या सभेत मोहल्ल्यानं पाळी पहिली मागितली. तिसऱ्या सभेत गोपीचंदच्या मेहुण्यानं खुर्ची फेकली, ती राजेश्रीच्या भुवईवर लागली, पाच टाके पडले. चौथी सभा तिनं बोलावली नाही. अविश्वास ठराव आला तेव्हा तिनं विरोधही केला नाही. आता गावावर प्रशासक आहे. ज्याला जमलं त्यानं आपापल्या रानात बोअर पाडला, सातशे-आठशे फूट खोल. तांड्याच्या रानात काही नाही. ऊसतोडीवरून आल्यावर त्यांना उभी वाळलेली ज्वारी मिळाली आणि पुढच्या वर्षी त्यांनी पेरलीच नाही. नदी बंधाऱ्यात भरलेली असते.

राजेश्री सोनपेठला एका खोलीत राहते, अंगणवाडीच्या कामावर जाते. खटला परभणीच्या कोर्टात उभा राहिला. तिची साक्ष होती त्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं गेली. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बबिता बसली होती. दोघींची गाठ त्या टेम्पोनंतर पडली नव्हती. राजेश्री दुसऱ्या टोकाला बसली. आतून नावाचा पुकारा व्हायला वेळ होता. बबिताच्या हातात पिशवी होती, ती पुन्हा पुन्हा तिचं तोंड बांधत होती, सोडत होती.

मग बबिता बोलली, तिच्याकडे न बघता. "सरपंचबाई, तुमी त्या दिवशी ओसरीवर व्हत्या म्हणं. क्लिप वाजली तवा."

"होते."

"तुमाला कळलं व्हतं, ते पुस्तकातलं हाय म्हून?"

"पहिल्याच शब्दाला."

"मग?"

राजेश्रीनं हे उत्तर किती वेळा मनात जुळवलं होतं. गाल सुजला होता, नवरा समोर होता, सासूनं पदर धरला होता, चाळीस पुरुष होते, उद्या सभा होती. त्यातलं तिनं काही सांगितलं नाही.

"मग बोलले न्हाई," ती म्हणाली.

बबितानं मान हलवली. पिशवीचं तोंड तिनं पुन्हा बांधलं. शिपायानं राजेश्रीच्या नावाचा पुकारा केला. ती आत गेली, शपथ घेतली, पाणी मागितलं. आरोपींच्या जागेत वैजीनाथ आणि पप्पू उभे होते. वैजीनाथची दाढी पांढरी झाली होती. तिनं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि सांगायला सुरुवात केली. साक्ष दोन तास चालली. मधे वैजीनाथच्या वकिलानं तिला तीनदा खोटी म्हटलं, चारित्र्यावर प्रश्न विचारले, नवऱ्याला फासावर पाठवायला निघालात, एवढं कॉलेजातल्या मास्तराशी काय नातं होतं, असं विचारलं. ती प्रत्येक वेळी जे बघितलं तेच पुन्हा सांगत गेली.

बाहेर आली तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. साडेचारच्या गाडीला अजून वेळ होता.